शेपूचा डबा

माझी आई हल्ली मला पाहुण्यासारखी जेवू घालते, आणि त्यात सगळी चूक माझी आहे.

दहावीनंतर मी तेरहून धाराशिवला शिकायला आलो. स्टँडमागच्या एका खोलीत आम्ही दोघं राहायचो, मी आणि परंड्याकडचा एक मित्र. त्याचं गाव लांब, म्हणून तो खानावळीत जेवायचा. माझा डबा मात्र रोज सकाळच्या एसटीनं घरून यायचा. आई पहाटे भाकरी थापायची, वडील, म्हणजे आमचे अण्णा, डबा फडक्यात बांधून कंडक्टरच्या हाती द्यायचे. ओळखू यावा म्हणून कडीला लाल चिंधी असायची. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा.

आईला लिहिता येत नाही, आणि तेव्हा घरी फोन नव्हता. आमचं जे काही बोलणं व्हायचं ते त्या डब्यातून. पहिल्याच आठवड्यात मी अर्धी भाकरी तशीच परत पाठवली. दुसऱ्या दिवशी कंडक्टर भर स्टँडवर ओरडला, “लाल चिंधीवाला कोण हाय रं? तुझी आई विचारतीय, भाकरी का ठिवली? जीवाला बरं न्हाय का?” सगळी पोरं फिदीफिदी हसली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून ठरवलं, डब्यात काही म्हणून ठेवायचं नाही.

मग एक दिवस शेपू आला. आमच्या घरी शेपू कधी शिजायचा नाही, कारण अण्णांना त्याचा वास सहन व्हायचा नाही. शेजारच्या मळ्यातून जुडी आली म्हणून आईनं मुगाची डाळ, लसूण घालून केला असणार. मी झाकण उघडलं आणि लगेच लावलं. अण्णांचं नाक माझ्याकडं आलंय हे मला त्या दिवशी कळलं. मित्र मात्र खूश झाला. “आमच्याकडं असाच करत्यात,” म्हणाला, आणि खानावळीतली बटाट्याची भाजी माझ्याकडं सरकवून त्यानं शेपू संपवला. भाकरीच्या तुकड्यानं डब्याचा तळसुद्धा पुसून घेतला.

इतर भाज्या संपवल्या तरी थोडं तेल-तिखट तळाला राहायचंच. शेपूचा डबा तेवढा लख्ख गेला. आईनं त्यातून काय ते समजून घेतलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा शेपू. मग विहिरीजवळ खास माझ्यासाठी एक वाफा. शेपू शिजायचा त्या दिवशी अण्णा गुमान अंगणात बसून चटणी-भाकरी खायचे. खरं सांगायची मला वर्षभर संधी होती. पण मित्र जेवत होता, आई खूश होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी गप्प राहिलो.

शिक्षण झालं, इथंच नोकरी लागली, लग्न झालं. अण्णा गेले. मी गावी गेलो की ताटात शेपू ठरलेला. “माज्या लेकराला लई आवडतो,” हे आईनं माझ्या बायकोलाही सांगून ठेवलेलं. मी पाण्याच्या घोटाबरोबर तो उतरवायचो. आई समोर बसायची, कुणाची म्हैस व्याली, कुणाची सोयरीक मोडली, सांगत राहायची. बोलता बोलता तिचा हात माझ्या ताटाकडं यायचा आणि भाजी वाढून जायचा. मला कधी काही विचारायची नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत असेच जेवायला बसलो होतो. माझी मुलगी आठ वर्षांची. तिनं ताट मागं सारलं. “आजी, मला हे नको.”

“आजीनं केलंय, गुमान खा,” मी दरडावलं.

“मग पप्पा, तुम्ही घरी का म्हणता, गावाकडं गेलं की शेपू गिळावा लागतो?”

लहान तोंडी मोठा घास! बायकोनं मान खाली घातली. आईचा हात पातेल्यावर थांबला. “व्हय रं?” तिनं विचारलं.

मी नाही म्हणू शकलो असतो. पण मी हसलो, आणि गंमत म्हणून मित्राची, बटाट्याच्या भाजीची सगळी गोष्ट सांगून टाकली. माझ्याइतका मूर्ख माणूस जिल्ह्यात नसेल.

आईनं शांतपणे ऐकून घेतलं. “बरं झालं,” ती म्हणाली, “कुणाच्या तरी लेकराच्या पोटात गेला.” मग तिनं माझ्या ताटातला शेपू काढून स्वतःच्या ताटात घेतला. घास मोडता मोडता म्हणाली, “तुझ्या अण्णांनी मातर उगंच वास सोसला.”

आता वाफ्यात मेथी असते. मी जेवायला बसलो की आई विचारते, भात घेतो का, तिखट चालतंय का, मीठ बरोबर हाय का. आधी विचारल्याशिवाय तिचा हात ताटाकडं येत नाही. म्हशी आणि सोयरिकी राहूनच जातात. मला त्या हाताची फार आठवण येते. तो समोरच असतो, तरी येते.

गेल्या रविवारी गावी निघायच्या आधी तिचा फोन आला. “काय करू?”

“शेपू कर,” मी म्हणालो.

ती म्हणाली, “आता नको रं खोटं. खरं काय आवडतं तेवढं सांग.”

मी मंडईत भाजीच्या गाड्यासमोर उभा होतो. मला आवडतं ते तू न विचारता वाढलेलं, हे ओठांवर आलं होतं. पण न विचारता वाढ, असं सांगून कुणी न विचारता वाढतं का?

“पिठलं कर,” मी म्हणालो.

“बरं,” ती म्हणाली. आणि तिनं विचारलं, “घट्ट का पातळ?”