तीन शिफ्टचे डॉक्टर

नाडी धरण्याआधी आमचे डॉक्टर शिफ्ट विचारायचे. वाळूजच्या त्यांच्या दवाखान्यात येणारे निम्मे लोक कंपन्यांमधले. या आठवड्यात पहिली, पुढच्या आठवड्यात तिसरी, म्हणजे रात्रीची. साखरेच्या आजारावरच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या ते तीन लिहून देत, शिफ्टगणिक एक. "सकाळ-संध्याकाळ असं लिहून काय उपयोग? या माणसाची सकाळ दुपारी दोनला होते," असं म्हणायचे.

मग प्रश्न सुरू. डबा कोण करतं, खोलीत किती जण झोपता, गावाकडं पाचोडला म्हातारीचं कसं चाललंय. शेजारच्या सगुणाकाकूंची डोकेदुखी गोळ्यांनी जाईना, तेव्हा ते थेट त्यांच्या खोलीवर गेले, चुलीचा धूर पाहिला आणि घरमालकाशी भांडून भिंतीत खिडकी पाडून घेतली. काकू म्हणायच्या, "लई चौकश्या करतो बाबा. पन सांगितलं की हलकं वाटतं."

मला मात्र या चौकश्यांचा संशय यायचा. मी युनियनची पत्रकं वाचतच मोठा झालो होतो आणि आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, कंपनीच्या गेटवर स्वतःची पत्रकं वाटत होतो. एका दुपारी डॉक्टर त्याच गेटातून मॅनेजरच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर येताना दिसले. दुसऱ्या दिवशी माझं पत्रक निघालं: 'दवाखान्यात बोललेलं साहेबाच्या टेबलावर पोचतं.' नाव लिहिलं नव्हतं. गरजही नव्हती.

आप्पांनी ते वाचून घडी घातली. "मीच पाठवलं व्हतं त्यान्ला. तिसऱ्या शिफ्टला चक्कर येती, मशीनवरून काढा म्हनायला."

मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

"तू मोर्चा काढला असता."

मी माफी मागायला गेलो. "या नेते," डॉक्टर म्हणाले. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. मॅनेजर आप्पांचं काम बदलायला तयार झाला होता. पत्रकानंतर त्यानं भेटणंच बंद केलं, असं त्यांनी सांगितलं. पण त्यांना वेगळंच खात होतं. "परवा एकाला विचारलं, डबा खातोस ना वेळेवर? व्हय म्हणाला. मी साखरेची गोळी वाढवली. तो उपाशी राहत होता. मशीनपाशी कोसळला. वाचला, पण माझ्याशी खोटं बोलला."

मी खुलाशाचं पत्रक काढतो म्हणालो.

"पत्रक नको. सकाळी या बाकावर येऊन बस. नंबर आला की पडदा उघडा ठेवून मला तुझं सांग. झोप का येत नाही, आप्पांशी का बोलत नाहीस. तू बोललास तर हे लोक बोलतील."

उद्या येतो म्हणालो आणि पत्रकच काढलं. चूक कबूल केली, खाली नाव घातलं, दवाखान्याच्या दारात उभं राहून वाटलं. बाकावर जागा होती. डॉक्टरांनी आतून दोनदा माझ्याकडं पाहिलं.

गेल्या वर्षी ते वारले. आप्पा अजून त्याच मशीनवर आहेत. चक्कर येते का, असं मी विचारतो. "नाय," म्हणतात, माझ्याकडं न बघता.