एस्तेरपर्यंत न पोचवलेला निरोप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पाळकांना नाही, भावाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. प्रभुभोजनाच्या आधी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पापकबुलीची प्रार्थना होते. सगळे क्षणभर गप्प उभे राहतात, ज्याने त्याने आपलं मनात बोलायचं. मीही बोलतो. रागावलो, खोटं कारण सांगून सुट्टी घेतली, आईला फोन करायचा टाळला — अशी बारकी बारकी पापं पुढे करतो. हे एक मात्र मागे ठेवतो. देवाला माहीत आहेच, असं म्हणून. पण त्याला माहीत असणं आणि आपण आपल्या तोंडाने सांगणं, हे एकच का?

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. सांगायला बसल्यावर कळलं, तेही तितकं सोपं नाही.

मी बोईसरला राहतो. मूळचा नगरकडचा. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली आणि इकडचाच झालो. आमची मंडळी लहान आहे. रविवारी पाळकांच्या संदेशाआधी थोडा वेळ मी बोलायचो. घरातली एखादी वस्तू हातात घ्यायची आणि तिच्यावरून ख्रिस्ती माणसाच्या वागण्याचं काहीतरी सांगायचं. मुलांसाठी म्हणून सुरू झालं, पण पुढे मुलांपेक्षा मोठी माणसंच माना डोलवू लागली. डहाणूहून, सफाळ्याहून बोलावणी यायला लागली. 'वस्तूवाले सर' म्हणायचे मला. ते मला आवडायचं. किती आवडायचं, हे मला फार उशिरा कळलं.

आणि त्या वस्तू माझ्या नव्हत्याच. पण कबुली ती नाही. ती पुढे आहे — येतोय मी तिथवर.

एस्तेर माझी बायको. तिचं माहेर जव्हारकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावर. आजोबांपासून घर ख्रिस्ती. पावसाळ्यात भात आणि नागली, पीक निघालं की वडील वीटभट्टीवर. एस्तेर बारावीपर्यंत शिकली. आमचं लग्न झालं तेव्हा ती बालवाडीत शिकवायची. बोलणं तिकडचं — 'हाय', 'नाय', 'तुमी'. माझ्या घरचे सुरुवातीला हसायचे. मी त्यांना थांबवायचो नाही. उलट चार माणसांत तिचा शब्द हळूच दुरुस्त करायचो. प्रेमाने करतोय असंच मला वाटायचं.

एका शनिवारी मला काहीच सुचत नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मी कुरकुरत होतो. एस्तेर पीठ चाळत होती. मान वर न करता म्हणाली, "ही चालनच घ्या ना. चांगलं पीठ सोडून देते, नि कोंडा धरून बसते. काही मानसां उपासनेतून अशीच घरी जातात. वचन कुठलं वाचलं ते नाय आठवत, पन कोन उशिरा आला ते पक्कं ध्यानात."

दुसऱ्या दिवशी मी चाळण घेऊन उभा राहिलो. तिचंच वाक्य, फक्त माझ्या भाषेत. लोक हसले आणि मग एकमेकांकडे न बघता खाली बघायला लागले. उपासना संपल्यावर कुणीतरी माझा हात धरून म्हणालं, सर, काय सुचतं हो तुम्हाला. मी हसलो. नुसता हसलो. एस्तेर तिथेच उभी होती. गाडीवर मागे बसताना एवढंच म्हणाली, "तुमी बरं सांगितलं."

मग ते तसंच चालू राहिलं. कुकर तिचा — शिट्टीचा केवढा आवाज, पण डाळ शिजते ती आतल्या आत. शोकेसमधले कप तिचे — पाहुणे आले तरच बाहेर निघणारे, घरच्यांना फुटका चालतो. हेल्मेटही तिचंच. नवापूर रोडला लोक हेल्मेट कोपरात अडकवून गाडी चालवतात आणि पोलीस दिसला की डोक्यावर चढवतात. काहींची प्रार्थना तशी असते, म्हणाली. मी ते मंडळीत सांगितलं तेव्हा पाळकसुद्धा मोठ्याने हसले. मला वाटायचं, वस्तू तिची असेल, पण सांगणं माझं आहे. मांडणं माझं आहे. लोक येतात ते मला ऐकायला. एवढ्यावर मी सुखाने जगलो असतो.

मग जवळच्याच पाम गावात एक घरप्रार्थना झाली.

आमच्याच मंडळीतल्या एका बाईंचं घर. मी बोलणार होतो. पण त्या संध्याकाळी पुढच्या पाळीचा माणूस आला नाही आणि मी कंपनीत अडकलो. पोचलो तेव्हा गाणी संपली होती. अंगणात चपलांचा ढीग, दार उघडं, आणि आतून आवाज येत होता — एस्तेरचा. घरमालकीणबाईंनी तिलाच उभं केलं होतं. मी बाहेरच थांबलो.

तिच्या हातात काहीच नव्हतं. ती दाराशी उभी होती आणि दाराच्या बिजागरीवर बोट ठेवून बोलत होती. "आपल्याला सगल्यांना बेल व्हायचं असतं. कोनी आलं की पयला आवाज आपला. पन दार काय बेलवर उभं नाय. या बिजागरीवर हाय. हिच्याकडे कोन बघतं? करकरली की मग बघतात, नि तेवा पन शिव्याच देतात. माझी आय अशी हाय." एवढं बोलून ती थांबली. पुढे काही सांगितलंच नाही. कुणाला तात्पर्यही काढून दिलं नाही. भिंतीशी बसलेल्या एका म्हातारीने पदर डोळ्यांना लावला.

मी एवढी वर्षं बोलत होतो. माझ्या बोलण्याला लोक हसले होते, वा वा म्हणाले होते. रडलं कुणी नव्हतं.

काय वाटायला हवं होतं मला? अभिमान? दुसऱ्या कुणाच्या बायकोबद्दल असतं तर मीही म्हणालो असतो, किती भाग्यवान माणूस. पण मला हेवा वाटला, स्वतःच्या बायकोचा. एक गोष्ट त्या दाराबाहेर मला लख्ख कळली. मी बोलतो तेव्हा लोकांना वस्तू लक्षात राहते. ती बोलते तेव्हा त्यांना त्यांचं स्वतःचं माणूस आठवतं. हे मला कधीच जमणार नव्हतं. आणि तिला ते न शिकताच येत होतं.

घरी जाताना मी तिला म्हणालो, बरं झालं, वेळ निभावून नेलीस. निभावून नेलीस — हाच शब्द वापरला मी.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पाळक कंपनीच्या गेटवर आले. वॉचमनने फोन केला, "साब, आपसे मिलने फादर आये हैं." बाहेर गेलो. पालघरला सगळ्या मंडळ्यांच्या बायकांचा मेळावा भरणार होता. पामची गोष्ट तिथपर्यंत गेली होती. मुख्य संदेश एस्तेरने द्यावा, असं आयोजकांनी सुचवलं होतं. पाळक फार खूश होते. "वहिनींना विचारून तेवढं कळवा," म्हणाले.

आणि मी म्हणालो, "नको, पास्टर. ती नाही म्हणेल."

"का हो? पामला तर छान बोलल्या."

"ते घरगुती होतं. मोठ्या सभेचं तिला दडपण येतं. शिवाय भाषेचं... तिलाच लाज वाटते. मी विचारलं होतं तिला. नकोच म्हणाली."

मी विचारलं नव्हतं. लाज तिला वाटत नव्हती. बघा, किती छोटं खोटं होतं. गेटवर उभ्या उभ्या, दोन-तीन वाक्यांत. पाळकांचा चेहरा पडला. "त्यांच्यावर जबरदस्ती नको," म्हणाले आणि गेले. मी परत लॅबमध्ये येऊन काम करू लागलो. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं.

इथे संपलं असतं तरी पुरे होतं. पण पामच्या त्या बाईंनी एस्तेरला आधीच सांगून ठेवलं होतं — मेळाव्यासाठी तुझं नाव चाललंय, बोलावणं येईल. मला हे माहीत नव्हतं. मला कळलं ते असं. मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो आणि आतून तिचा आवाज आला. भांडी घासता घासता ती तयारी करत होती. 'हाय' म्हणायची, थांबायची, मग 'आहे' म्हणायची. 'कोनी नाय' — थांबायची — 'कोणी नाही'. पुन्हा पहिल्यापासून. ती सभेसाठी स्वतःचं बोलणं धुवून काढत होती, आणि सभेत कुणी तिची वाट बघत नव्हतं, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं.

मी उठून आत जाऊ शकत होतो. अजून वेळ होता. पाळकांना एक फोन केला असता तरी भागलं असतं. नाही केला.

तिने एकदाच विचारलं, सहज विचारल्यासारखं. "पास्टर काय बोलले का तुमच्याकडे?"

"कशाबद्दल?" मी म्हणालो.

"नाय, असंच."

मेळाव्याला मीच तिला गाडीवर घेऊन गेलो. तिने लग्नातली साडी काढली होती. का नेसतेस, असं मी विचारलं नाही. कदाचित शेवटच्या क्षणी तिथे बोलावतील, अशी तिला आशा असावी. दुसऱ्याच कुणी बाई बोलल्या. बऱ्या बोलल्या. मी मागे पुरुषांच्या रांगेत बसून एस्तेरची पाठ बघत होतो. ती शेवटपर्यंत ताठ बसली होती आणि टाळ्या वाजल्या तेव्हा तिनेही वाजवल्या.

परतताना उमरोळी गाव मागे पडलं. मग माझ्या खांद्यामागून आवाज आला, "एक विचारू? माझी भाषा खरंच इतकी वाईट हाय का?"

सगळं सांगायला याहून चांगली वेळ मला कधी मिळणार होती? रस्ता मोकळा होता. तिला माझा चेहराही दिसत नव्हता. मी म्हणालो, "सुधारेल हळूहळू."

हेच ते. खोटं मी पाळकांशी बोललो. पण पाप, मला विचाराल तर, हे दोन शब्द आहेत.

ती सुधारली. आता एस्तेर 'नाही' म्हणते, 'तुम्ही' म्हणते, ण आणि ळ जपून उच्चारते. माहेरच्या फोनवरही तशीच बोलायला लागली. एकदा फोन स्पीकरवर होता. तिची आई म्हणाली, "इस्तर, तू कोनासंगं बोलते? मी तुझी आय हाय." एस्तेर कसंनुसं हसली.

शनिवारी मी विचारायचो, काही सुचतंय का. "नाही हो, काही नाही," म्हणायची. रागाने नाही, खरंच नसल्यासारखी. मी काही महिने जुन्याच वस्तू फिरवून फिरवून वापरल्या. लोकांच्या लक्षात आलं. मग पाळी जुळत नाही असं सांगून मी बोलणंच सोडलं. ते पाळक बदलून गेले. नव्या पाळकांच्या पत्नीने एकदा एस्तेरला मोठ्याने प्रार्थना करायला सांगितलं. तिने नकारार्थी मान हलवली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

तिला अजूनही का सांगत नाही? ती रागावेल म्हणून? नाही. ती माफ करेल, हे मला पक्कं माहीत आहे. भीती वेगळीच आहे. सांगितलं तर ती पुन्हा बोलू लागेल.

परवा तिची धाकटी बहीण राहायला आली होती. दोघी ओट्याशी होत्या. एस्तेर तिला काहीतरी सांगत होती, भिजत घातलेल्या वालांवरून. कुठले लवकर मोड धरतात, कुठले पाण्यात राहूनही कोरडेच राहतात, असं काहीतरी. आणि सांगत होती ते आपल्या बोलीत, भरभर, जुन्यासारखं. बहीण आधी हसली आणि मग हातातलं काम सोडून तिच्याकडे बघू लागली. मी बाहेरून ऐकत होतो. आनंद व्हायला हवा होता ना मला? तोच हेवा वर आला, जराही न झिजलेला.

मी आत गेलो आणि पाणी मागितलं.

एस्तेर बोलायची थांबली. तांब्या विसळला, भरला आणि माझ्या हातात दिला.