उदमांजराचं गणगोत

आजी व्हायच्या जरा आधी मी एक येडेपणा केला. उदमांजराची पिल्लं मांजराची समजून घरच्या बाळंत मांजरीच्या पोटाशी नेऊन ठेवली.

तेव्हा मला लई घमेंड होती. सिरसाळ्यापासून माजलगावपर्यंत कुणाचंही नाक बघून मी त्याचं गोत सांगायचे. आखाड्यावर, म्हणजे आमच्या शेतातल्या घरी, कडब्याच्या गंजीत तीन करडी पिल्लं सापडली. निमुळतं तोंड, अंगाएवढं लांब शेपूट. सून म्हणाली, "आत्याबाई, ही मांजराची वाटत न्हाईत." सातवा महिना लागलेली ती पोर, तिला काय कळतंय, असं म्हणून मी पिल्लं पदरात घेतली.

मांजरीनं पहिलं पिल्लू हुंगलं, मानेला धरलं आणि झटकलं. वाळली तुराटी मोडावी तसा आवाज आला. दुसरं वाचवायला हात घातला, तर तिनं मनगटापासून कोपरापर्यंत माझी कातडी सोलली. उरलेली दोन मी कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली कोंबली. ती किंचाळायला लागली.

भर दुपारी कडुलिंबावरून त्यांची आई उतरली. मांजर उतरताना आधी ढुंगण खाली सोडतं. ही डोकं खाली करून खोडावरून सरळ धावत आली. माझ्या अकलेचा निकाल तिथंच लागला.

मांजर तिच्यावर तुटून पडली. दोघींचा एकच गोळा झाला. केस उडाले, रक्त उडालं. सुटल्या तेव्हा मांजरीचा अर्धा कान जागेवर नव्हता. मग आमचं कुत्रं घुसलं. उदमांजरीनं त्याचा ओठ धरला तो सोडेना. त्यानं तिला आपट आपट आपटलं. तिचा मागचा पाय लोंबायला लागला, तरी ती डालग्याकडंच सरकत होती.

मालक कुऱ्हाड घेऊन धावले. "सरक. मसण्याऊद हाय ते, मढी उकरून खातंय."

"अवो, तिची लेकरं हायेत डालग्यात."

"कुणी कोंबली?"

मी मध्ये पडले. शूर होते म्हणून न्हवं, साडीत पाय अडकला म्हणून. मालक माझ्यावर अडखळले आणि कुऱ्हाड डालग्यावर बसून ते उभं चिरलं. उदमांजरीनं एक पिल्लू तोंडात धरलं, तीन पायांवर लिंब चढली. मी कुत्र्याची तंगडी धरून ठेवली, तर ते मलाच चावलं. ती दुसऱ्यासाठी परत आली. मालकांच्या हातात कुऱ्हाड तशीच राहिली. दुसरंही नेलं. पहिल्याला आम्ही गंजीमागं पुरलं.

दवाखान्यातून इंजेक्शन घेऊन आले, तर बी.एस्सी. झालेली सून ओट्यावर वाटच बघत होती. म्हणाली, उदमांजर नावालाच मांजर. दोघं एकाच जुन्या मूळपुरुषाच्या वंशातली, पण उदमांजराचं घराणं कधीच वेगळं निघालं. मांजरापेक्षा मुंगूस आणि तरस त्याला जवळचे. खऱ्या मांजराचा सगळ्यात जवळचा भाऊबंद लिन्सांग, तो तिकडं आसामच्या बाजूच्या जंगलात झाडावर राहतो.

"म्हणजे माझी सोयरीक चुकली," मी म्हणाले.

तिनं माझा पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला आणि म्हणाली, "आत्याबाई, माझं बाळ झालं की दवाखान्यात वळखायला मामंजींना पाठवा. तुमी घरीच बसा."