पातळाची ओळख

श्रीगोंदा तालुक्यातल्या एका गावात मी प्राथमिक शिक्षिका होते तेव्हाची गोष्ट. बाहत्तर साल असेल. एका खोलीत एकटी राहत होते. एके दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर घरी आले तर कुलूप जागच्या जागी होतं, दार बंद होतं आणि घरात ऊन पडलं होतं. वर पाहिलं तर सात-आठ कौलं काढून ठेवलेली. नीट, एकावर एक रचून. ट्रंकेतली तीन पातळं आणि गजराचं घड्याळ गेलं होतं.

मी फौजदारांकडे तक्रार दिली आणि विसरूनही गेले असते. पण महिन्याभरानं एका विद्यार्थिनीची आई शाळेच्या दारात येऊन म्हणाली, "बाई, तुमचं निळं पातळ काल बाजारात फिरत हुतं."

"फिरत होतं म्हणजे?"

"एक बाई नेसली हुती की. आमी वळखलं."

पातळ नेसलेल्या त्या बाईचा नवरा कौलं शाकारायचं काम करायचा. उन्हाळ्यात शाळेची कौलं त्यानंच शाकारली होती आणि मी सांगितलं म्हणून जाता जाता माझ्या खोलीचीही. पोलिसांना त्याच्या घरात घड्याळ आणि आणखी एक पातळ मिळालं. तिसरं कधीच मिळालं नाही.

पुढे चार महिन्यांनी हवालदार समन्स घेऊन शाळेत आला. बाईंना कोर्टानं बोलावलं ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली, आणि बाईंनी काय केलं असावं यावर चर्चा सुरू झाली. हेडमास्तरांची अडचण वेगळीच होती.

"रजेचं कारण काय लिहिणार?"

"साक्षीला जायचंय."

"कोणत्या भानगडीत?"

"माझ्याकडे चोरी झाली त्या."

त्यांनी थोडा विचार केला. "मग 'घरगुती कारण' लिहा," म्हणाले.

पहिल्या तारखेला मॅजिस्ट्रेट साहेब रजेवर होते. दुसऱ्या तारखेला मुद्देमालाच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे होती तो कारकून नगरला गेला होता. त्या दिवशी मी कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसले होते. शेजारी एक बारीकशी बाई होती. तिनं मला तांब्यातलं पाणी दिलं. मी तिला माझ्या डब्यातली अर्धी पोळी दिली.

"तुमची बी तारीख हाय का?" तिनं विचारलं.

"हो. चोरीची."

"आमची बी चोरीचीच," ती म्हणाली.

मग पट्टेवाल्यानं पुकारा केला. माझं नाव आणि तिच्या नवऱ्याचं नाव एकाच दमात घेतलं. आम्ही दोघी उभ्या राहिलो. एकमेकींकडे पाहिलं नाही. आत जाऊन पुढची तारीख घेतली आणि बाहेर आलो.

तिसऱ्या तारखेला साहेब होते, किल्ली होती, कारकूनही होता. ईश्वराला स्मरून खरं सांगेन असं मी म्हटलं. "मोठ्यानं बोला, शाळेत शिकवता ना?" साहेब म्हणाले. मी मोठ्यानं बोलले. टेबलावर लाखेचं सील फोडून गाठोडं उघडलं, आणि माझी पातळं सगळ्यांसमोर पसरली. आरोपीच्या वकिलांनी निळं पातळ दोन बोटांत धरून वर उचललं. मला अंगावरचंच कोणी ओढल्यासारखं वाटलं. मी खिडकीकडे बघत राहिले.

"असं पातळ बाजारात कुणालाही मिळतं?"

"मिळतं."

"आरोपीनं हे बाजारातच घेतलंय. मग तुमचं कशावरून?"

"पदराजवळ खिळ्याला लागून फाटलं होतं. मी रफू केलंय. पांढऱ्या दोऱ्यानं, निळा नव्हता म्हणून."

साहेबांनी पदर मागून घेतला, चष्मा लावून पाहिला. रफू होतं. वकिलांनी पातळ परत घेतलं आणि काठाकाठानं चाचपत पार दुसऱ्या टोकाला गेले. तिथे ते थांबले.

"हे रफूही तुमचंच का?"

मी जवळ जाऊन पाहिलं. वीतभर फाटलेलं होतं, पण टाके इतके बारीक की बोट फिरवलं तरी कळत नव्हतं.

"नाही. हे माझं नाही."

"म्हणजे पातळ तुमचं नाही!"

"पातळ माझं आहे. हे रफू माझं नाही. हे माझ्यापेक्षा चांगलं आहे."

मागच्या बाकावरचे लोक हसले. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग लेखनिकाला सांगितलं, "लिहा. साक्षीदार म्हणते की दुसरे रफू तिने केलेले नाही, व ते अधिक चांगले आहे." लेखनिकानं लिहिलं. मी त्याखाली सही केली.

मागच्या बाकाच्या टोकाला ती लिंबाखालची बाई बसली होती. हसण्याचा आवाज झाला तेव्हा तिनं मान वर केली होती. मी पिंजऱ्यातून उतरून तिच्या जवळून गेले तेव्हा ती नवऱ्याकडे बघत होती. नवरा जमिनीकडे.

त्याला तीन महिन्यांची शिक्षा झाली. हवालदारानं शाळेच्या व्हरांड्यात येऊन सांगितलं तेव्हा माझा दुसरीचा वर्ग चालू होता. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर बरं दिसेल, पण त्या क्षणी मला घड्याळ परत मिळणार याचाच आनंद झाला. इतके महिने मी शेजारच्या कोंबड्यावर शाळेत जात होते, आणि तो कोंबडा काही वेळेचा पक्का नव्हता. वाईट वाटलं ते दोन-चार दिवसांनी, संध्याकाळी भाजी निवडताना. तीन महिने ती बाई काय करत असेल, असा विचार डोक्यात आला आणि भाजी तशीच राहिली.

अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमाल परत मिळाला. त्या जूनमध्ये माझी बदली संगमनेरकडे झाली. निघायच्या आधी तिच्याबद्दल हवालदाराकडे चौकशी करायचं मनात होतं. तो एस. टी. स्टँडवर भेटलाही. मी त्याला गाडी किती वाजता लागते एवढंच विचारलं.