फोनातल्या बाई

संयोगिता इस्लामपूरकडच्या उसाच्या मुलखातून आटपाडीत नांदायला आली आणि माळावरच्या मेंढपाळांच्या वस्तीवर बालवाडी चालवू लागली. पुस्तकांच्या बाबतीत बाई भलतीच चोखंदळ. प्रत्येक पुस्तक आधी स्वतः वाचायची, मग नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायची. बिचारा पेंगत हुंकार भरायचा. चित्रं बोलकी हवीत, अक्षरं ठसठशीत हवीत आणि पोरांना भीती घालणारं काहीएक नको, हा तिचा हट्ट. भुतं गेली, राक्षस गेले. पोरं पळवणारे लांडगे तर तिने पहिल्या झटक्यात बाद केले.

त्यांच्या जागी तिने आणला लांडगोबा. बिचारा एकटा, उपाशी. एक मुलगी ओढ्याकाठी त्याला भाकरी नेऊन देते आणि दोघांची गट्टी जमते. घरी वाचून दाखवायला कुणाला सवड नाही, म्हणून तिने ही गोष्ट आपल्याच गोड आवाजात मोबाइलवर भरली आणि सगळ्या आयांना पाठवली. पोरं जेवताना ऐकू लागली, झोपताना ऐकू लागली. बाई हरखून गेली.

छोट्या सोनियाची आजी रंगुबाई तिला एकदा म्हणाली, "बाई, गोष्ट लय चांगली हाय. पर हितं पोरीला लांडग्याचं भ्या असाया पायजे." संयोगिता नुसती हसली. तिने लांडगा चित्रातच पाहिला होता.

त्याच आठवड्यात मेंढरांभोवतीच्या जाळीतून लांडग्याने एक कोकरू नेलं. आणि एका संध्याकाळी सोनियाच्या बापाचा, सिद्धूचा, फोन आला. पोरगी सापडत नव्हती.

संयोगिता धावत वस्तीवर पोचली. टोपलीतली भाकरी पण न्हाई, असं रंगुबाई बोलली आणि संयोगिता ओढ्याकडे पळत सुटली, सिद्धू तिच्या मागोमाग. कुठे शोधायचं ते तिला एकटीलाच कळलं होतं.

सोनिया ओढ्याच्या कडेला दगडावर पाय हलवत बसली होती. पुढ्यात भाकरी. पलीकडच्या ओल्या वाळूत ताजे ठसे उमटले होते. सिद्धूने ते पाहिले आणि काठी घट्ट धरली.

"लांडगोबा लाजतोय," सोनिया म्हणाली. "उद्या जवळ येणार हाय."

संयोगिताने तिला उचलून छातीशी धरलं. ती गोष्ट खोटी आहे, लांडगा चावतो, असं तिने परोपरीने सांगून पाहिलं. सोनियाने तिच्याकडे संशयाने पाहिलं.

"न्हाई. फोनातल्या बाईंनी सांगितलंय."

वस्तीवर परतताना संयोगिताने आपल्या मोबाइलमधली गोष्ट पुसून टाकली. पण ती केव्हाच घरोघर गेली होती. आता दारोदार फिरून पुसायला लावायची, असं ठरवून ती पहिल्याच घराकडे वळली. आतून तिचाच आवाज येत होता. भिऊ नका बरं का बाळांनो, तो आवाज लाडाने सांगत होता.

आत जेवायला बसलेली बालवाडीतली शिवांजली आईला म्हणाली, "आय, आनी येक भाकरी दे. मला न्हाई, न्यायची हाय."