कागदावरची छाती
सुनेनं कपाट आवरताना मोहाच्या तेलाची जुनी बाटली उघडली आणि त्या खवट वासानं मला आदिलाबादच्या दवाखान्यात नेऊन उभं केलं, डॉक्टरशी भांडत. तेव्हा पन्नाशी गाठलेली मी, पण तोरा अर्ध्या डॉक्टरणीचा! थोरल्या जावेची पाठ दुखायची म्हणून महिनाभर मीच तिला हे तेल चोळत होते. तपासणीत गाठ निघाली मणक्यात, आणि कागदावर लिहिलं छातीचा कॅन्सर. चूक सापडली म्हणून मूर्खासारखी हरखले मी. "हिची छाती तं तीन सालाआधीच काढली नं, डॉक्टरसाब? जे अंगावर राह्यलंच नाही, त्याचा रोग कसा? कागद दुसरीचा हाय. पुन्हा तपासा!" डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बाई, रोग छातीतूनच हाडात पसरलाय. म्हणून नावही तेच, औषधही त्याचंच." "नाही, हाडाचाच असंन!" माझा आवाज चिरकला. बाकावर बसलेली जाऊ म्हणाली, "काऊन ओरडून राह्यली वं? सरकी ज्वारीच्या वावरात पडली, तं काय ज्वारी होऊन उगवते? तिथंबी तिले कापसाची पराटीच म्हणतो नं आपण?" मग मी कागदाची घडी करून पिशवीत ठेवली. परतीच्या बसमध्ये रडत जावेला विचारलं, "बाई, आता तेल लावू का नको?" ती म्हणाली, "लाव, पण हलक्या हातानं. रोगाले नाही समजत, मले समजते." ती गेली तेव्हा बाटली अर्धी उरली होती. सून विचारतेय, फेकू का? राहू दे म्हटलं. एवढी शहाणी मी अजून झाले नाही.