देवघरातलं पोलिश नाणं

कॉव्हेंट्रीत आमच्या शेजारी एक पोलिश आजोबा राहतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर मुलीकडे जाताना त्यांनी एक नाणं माझ्या हातात ठेवलं. "शनिवारी लायब्ररीत माझं भाषण आहे. तोवर सांभाळ. घरात रंगारी येतायत." नाणं चांदीचं, पण पार काळं पडलेलं. त्यावर एका बाईचा चेहरा, मागे धान्याची कणसं.

भाषणाचा विषय दरवर्षी एकच, पोलंडचा पैसा. कुंपणापलीकडून ऐकून मला तो पाठ झाला होता. नकाशावरून पुसलेला देश परत उभा राहिला, तेव्हा बाजारात तीन साम्राज्यांचे पैसे चालत होते. मग स्वतःचा, पोलिश मार्क आला. सकाळी पावाला पुरायचा, संध्याकाळी पुरायचा नाही. शेवटी नवी राष्ट्रीय बँक आली आणि झ्वॉटी हे नवं चलन आलं. शब्दाचा अर्थ सोनेरी, हे नाणं मात्र चांदीचं. युद्ध पेटल्यावर बँकेचं सोनं ट्रकमधून, आगगाडीतून, बोटीतून देशाबाहेर निघालं आणि बँक शेवटी लंडनला येऊन बसली. "बँक निघाली, आम्ही राहिलो," एवढंच ते म्हणायचे. पुढचं मला कधी सांगितलं नव्हतं.

नाणं मी देवघरात ठेवलं. जपायची वस्तू आमच्याकडे तिथेच जाते. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या आणि गुरुवारी लक्ष्मीपूजन होतं, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

शुक्रवारी सकाळी बघते तर नाणं लख्ख.

"कणसं दिसली, म्हटलं लक्ष्मीच," सासूबाई म्हणाल्या. "चिंच लावून घासलं. किती काळं ठेवलं होतंस गं."

"आई, एकदा विचारायचं तरी!"

"देवघरातलं घासायला कुणाला विचारायचं?"

मी आणखीच चिडले.

आजोबा दुपारी परतले. मी नाणं घेऊन त्यांच्याकडे गेले. सासूबाई न बोलावता मागोमाग आल्या. आजोबांच्या एका डोळ्यावर प्लॅस्टिकची झाकणी होती. त्यांना नीट दिसणार नाही, अशी एक नालायक आशा मला वाटून गेली. त्यांनी नाणं चांगल्या डोळ्याजवळ नेलं आणि कणसांवरून अंगठा फिरवला. मी सॉरी म्हटलं. ते त्यांनी ऐकलं की नाही, कुणास ठाऊक.

"जर्मनांनी नव्या नोटा आणल्या, तेव्हा लोकांनी जुनी चांदी लपवली," ते म्हणाले. "चकाकलं तर सापडेल, म्हणून आईने अंडं उकडून त्याच्या बलकात हे पुरलं. काळं करायला. मी भुकेला होतो. बलक नाण्याला आणि पांढरं मला. मी त्या बलकासाठी रडलो. आईच्या हातचं ते काळं, एवढंच उरलं होतं. उद्या हेच सांगणार होतो."

"काय म्हणतायत?" सासूबाईंनी विचारलं. मी शब्द न् शब्द मराठीत सांगितला, मुद्दाम, लागावं म्हणून. त्यांनी हात पुढे केला. आजोबांनी काय समजून कोण जाणे, नाणं त्यांच्या हातावर ठेवलं.

सासूबाई राहायला आल्या की आमच्या घरात अंडं येत नाही. केकसुद्धा पाकीट वाचून घ्यावा लागतो. त्या दिवशी घरी येताच म्हणाल्या, "अंडी घेऊन ये." उकडायला किती वेळ लागतो तेही मला विचारलं. मी सोलते म्हटलं तर हात लावू दिला नाही. तोंड वाकडं करत स्वतः सोललं, गरम बलक डब्यात कुस्करला, नाणं त्यात दाबलं आणि झाकण लावलं. मग साबणाने तीनदा हात धुतले. माझा राग कधी उतरला, कळलं नाही.

शनिवारी सकाळी नाणं तपकिरी-काळं झालं होतं, कणसांच्या खाचांत जास्त गडद. आजोबांच्या आईचं ते काळं नव्हतंच. सासूबाईंनी ते पुसलं आणि फ्रीजमधून एक वाटीही बरोबर घेतली.

आजोबांनी नाणं पाहिलं. मग वाटी पाहिली.

"त्यांना सांग," सासूबाई म्हणाल्या, "पांढरं ठेवलंय."

मी सांगितलं. त्यांनी ते दारातच, उभ्या उभ्या, सगळं खाल्लं.